सासऱ्यांची मोटार, दोन फाटकांच्या मध्ये

नाही, हसा, हसा तुम्ही! दुसऱ्याची गाडी अडकली की हसू येतंच माणसाला, मी जन्मभर तेच केलं... सायकलचं दुकान होतं माझं, पंक्चर काढता काढता रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक मोटारवाल्याला ओरडून सांगायचो, 'ओ साहेब, मागचं चाक फिरतंय!' आणि तो बिचारा ब्रेक दाबून, खाली उतरून, वाकून बघायचा की चाकाला झालं तरी काय... अहो, फिरणारच ना, चाक आहे ते! तर त्या सगळ्या वाकलेल्या लोकांचे तळतळाट एकदम फळाला आले आणि म्हातारपणी मला मोटार मिळाली. मिळाली म्हणजे... दिसली. जाळीतून! पलीकडं गाडी, अलीकडं मी, आणि मध्ये सरकार.

मोटार माझी नाही हो, सासऱ्यांची. सासरे म्हणजे हिचे वडील, राहायला सीमेपलीकडं. आता सीमा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं समुद्र, बर्फ, काय काय येत असेल. तसलं काही नाही. आमच्या गच्चीवर उभं राहिलं की त्यांच्या टेकडीवरचा मनोरा दिसतो, त्यांच्याकडं पाऊस आला की आमची वाळत घातलेली चादर भिजते. पावसाला कागद लागत नाही! मोटारीला लागतो. मध्ये दोन फाटकं, एक त्यांच्या देशाचं, एक आपल्या देशाचं, आणि दोन फाटकांच्या मध्ये एक लांबलचक डांबरी अंगण, त्यात कस्टमचं दुमजली ऑफिस. त्या अंगणात उभा राहिलेला माणूस कुठल्या देशात असतो ते त्यालाही माहीत नसतं आणि देशांनाही नसतं.

तर आमचं लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी लेकीला त्या मोटारीतनं पाठवलं. काळी, लांब, पुढचे दोन दिवे असे डोळे वटारलेले, आणि मागची सीट म्हणजे निव्वळ पलंग. सासरे स्वतः चालवतायत, शेजारी मी, नवरदेव, छाती पुढं काढून बसलोय, आणि मागं ही, ट्रंकेला मिठी मारून रडतेय. आलो फाटकाशी. शिपाई म्हणाला, 'माणसं जातील, मोटार जायची नाही.' का? तर मोटारीचा कागद नाही. सासरे म्हणाले, 'अरे बाबा, मुलीला सासरी सोडायला निघालोय!' तो म्हणाला, 'मुलीचा कागद आहे. मोटारीचा नाही.' बसा आता! उतरलो. ट्रंक घेतली नवरदेवानं डोक्यावर, आणि नवी नवरी, पायांत करकरीत नव्या चपला, फोड येईपर्यंत चालत चालत सासरी आली. मागं वळून पाहिलं तर सासरे मोटारीच्या टपावर हात ठेवून उभे होते. आम्ही दिसेनासे होईपर्यंत उभे होते. आम्ही इकडं, आणि गाडी? गाडी तिथंच.

तेव्हापासून आमच्या संसारात एक वाक्य आहे. भांडण कशावरूनही निघू दे, भाजी खारट झाली म्हणून निघू दे, नळ गळतो म्हणून निघू दे, शेवट ठरलेला... हिनं पदर खोचायचा, भिंतीकडं बघायचं आणि म्हणायचं, 'मी काय बोलणार! मी तर अर्ध्या वाटेपर्यंतच गाडीतनं आलेली बाई!' आता याला उत्तर काय, तुम्हीच सांगा? नळ गळतो त्याचा आणि मोटारीचा संबंध काय? पण मी उठून नळ आवळायला जातो. कारण माझ्या डोक्यावर ट्रंक होती ते मला आठवतं आणि तिच्या पायाला फोड होते तेही आठवतं.

बरं, हे असंच चाललं असतं तर मी कशाला मोटारीच्या नादी लागतो? पण तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, 'आजी, गुडघे आहेत, पण फक्त नावाला.' आणि एक दिवस संध्याकाळी ओट्यावर बसलेली असताना ही एकदम म्हणाली, 'अहो, ती उरलेली अर्धी वाट तेवढी गाडीतनं यायची राहिली हो. दारापर्यंत. बाबांच्या गाडीतनं.' भांडत नव्हती! नीट, शांतपणे म्हणाली. ही भांडत असली की मला चिंता नसते, नुसती बोलली की लागते.

लावला फोन मेहुण्याला. सासरे कधीच गेले, गाडी याच्या गोठ्यात उभी होती, आत कोंबड्या. मेहुणा म्हणजे काय सांगू... मन सोन्याचं, आणि डोकंही सोन्याचं, म्हणजे आतपर्यंत भरीव! म्हणाला, 'दाजी, ताईला हवीय? मग विचारता काय? घेऊन जा!' घेऊन जा म्हणे! जसं काही पलीकडून वाटीभर साखरच न्यायचीय.

मग गाठला एजंट. या एजंटाला अख्ख्या भाषेतलं एकच वाक्य येतं, 'होऊन जातं काका!' म्हटलं, 'अरे, जुनी मोटार बाहेरून आणायला बंदी आहे म्हणतात.' 'होऊन जातं काका! जुनी आणायला बंदी आहे, पण फार फार जुनी असली तर चालते. मग ती मोटार राहात नाही, ती पुरातन वस्तू होते. म्हणजे आपण मोटार आणायचीच नाही, राजाची तलवार आणतोय असं समजायचं.' मी म्हटलं, 'आणि तलवारीत बसून घरी येता येतं?' म्हणाला, 'होऊन जातं!' फक्त एक अट, गाडी होती तशी पाहिजे. मूळची. तोच रंग, तेच इंजिन, त्याच सीटा. आता हे तर सोपं होतं ना? काहीच करायचं नव्हतं! काहीच न करणं हे काम मला उत्तम जमतं, मी मेहुण्याला बजावून सांगितलं, 'आहे तशी पाठव. हात लावू नकोस.'

आता इथं गोम आहे, नीट ऐका. हिच्या माहेरची एक खोड आहे. लेकीला जुनी वस्तू द्यायची नाही म्हणजे नाही! एकदा हिनं भावाकडं लहानपणची उशी मागितली होती, डोक्याखालची, आठवण म्हणून. यानं काय करावं? नवा कापूस, नवा अभ्रा, नवी शिवण घालून पाठवली. मी विचारलं, 'अरे, यात लहानपणचं काय राहिलं?' म्हणाला, 'माया!' तर अशा माणसाला मी सांगितलं, आहे तशी पाठव. त्याला वाटलं, दाजी भिडेखातर म्हणतायत. भिडेखातर! मी! माझ्या अंगात भीड असती तर लोकांना चाकं फिरताना दाखवली असती का मी?

यायच्या दिवशी ही सकाळपासून नटून फाटकाशी खुर्चीवर बसलेली. मी जाळीला नाक लावून उभा. पलीकडचं फाटक उघडलं... आणि आत आली पोपटी रंगाची मोटार! पोपटी हो! डोळे दुखतील असा पोपटी, आत जांभळ्या मखमलीच्या सीटा, आणि हॉर्न वाजवला तर तान्हं मूल रडल्यासारखा आवाज. ही म्हणाली, 'कुणाची हो ही?' मी म्हटलं, 'तुझीच.' चालवत होता मेहुणा, खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडतोय, 'ताई! लहानपणी तुला पोपटी रंग आवडायचा ना!'

कस्टमच्या ऑफिसात वर जुन्या वस्तूंच्या मॅडम बसतात. आल्या खाली, हातात टॉर्च. पुढून बघितलं, मागून बघितलं, बॉनेट उघडलं, आत टॉर्च मारला तर आतलं इंजिन त्यांच्या टॉर्चपेक्षा जास्त चमकलं. मॅडम म्हणाल्या, 'यात जुनं काय आहे?' आता एजंट मागून खुणा करतोय, मी मेहुण्याचा पाय तुडवतोय, पण हा गडी छाती फुगवून सांगतो काय... 'मॅडम, तुमच्याशी खोटं कशाला बोलू, एक खिळा जुना ठेवला नाही!' मॅडमनी टॉर्च बंद केला. 'मग ही पुरातन नाही. ही नवी मोटार आहे. खाली जा.'

खाली मोटारींचे साहेब. यांना बारा महिने सर्दी. म्हटलं, 'साहेब, वरून पाठवलंय, गाडी नवी आहे, नवी म्हणून सोडा.' साहेबांनी गाडीखाली वाकून सांगाड्यावरचा नंबर पाहिला. 'नवी? ही... ही... आक्छी! ही माझ्या वडिलांपेक्षा मोठी आहे! इतकी जुनी मोटार आत घ्यायला बंदी आहे. वर जा.' मी म्हटलं, 'वर तर नवी म्हणतात.' 'वरच्यांना मोटारीतलं काय कळतं? आक्छी!' वर गेलो. 'खालच्यांना जुन्यातलं काय कळतं?' खाली गेलो. वर गेलो. अहो, त्या जिन्यानं माझे गुडघेही हिच्या गुडघ्यांना जाऊन मिळाले! वर गाडी नवी, खाली गाडी जुनी, जिन्याच्या मधल्या पायरीवर म्हणाल तर मध्यमवयीन... आणि प्रत्यक्षात? गाडी तिथंच.

मेहुणा म्हणाला, 'जाऊ दे दाजी, परत घेऊन जातो, जुनी करून आणतो.' वळवली गाडी. तर पलीकडच्या फाटकावर त्यांचा शिपाई, 'कुठं निघालात?' 'घरी.' 'गाडी देशाबाहेर गेली. आता आत यायची म्हणजे परदेशातली गाडी. कागद?' मेहुणा म्हणाला, 'अरे, आत्ता तुझ्यासमोरून गेलो की! इंजिन गरम आहे अजून, हात लावून बघ!' तो म्हणाला, 'गरम असो की थंड असो. तुम्ही या, गाडी नाही.' वाक्य ओळखीचं वाटलं ना? मलाही वाटलं. मी हिच्याकडं बघितलं. ही दुसरीकडं बघत होती.

एजंट म्हणाला, 'होऊन जातं काका! मूळचं इंजिन आणा, मूळच्या सीटा आणा, परत बसवू.' सीटांवर म्हणे कोंबड्या अंडी घालतायत, त्या आणता येतील, पण इंजिन? विचारलं, तर ते मेहुण्यानं विहिरीवर बसवलेलं! ज्या इंजिनानं माझी बायको अर्ध्या वाटेपर्यंत आणली ते इंजिन वांग्यांना पाणी देत होतं. मेहुण्याच्या बायकोनं फोनवर माझी बिनपाण्यानं केली, 'न्या की इंजिन! आणि पाणी कोण ओढणार मग? तुम्ही येताय का ओढायला, दाजी?' शेवटी आणलं, हातगाडीवर घालून, ढकलत. फाटकातून आत आलं आणि खालचे साहेब म्हणाले, 'हे काय? सुटं, वापरलेलं यंत्र? आक्छी! भंगार आत घ्यायला बंदी आहे.' झालं! आधी एक अडकलं होतं, आता दोन अडकली, आणि तिकडं वांगी वाळली ती वेगळीच.

मग मी म्हटलं, पुरे झाली या एजंटाची अक्कल, आता आपली चालवू. मी आणि मेहुणा पॉलिश पेपर घेऊन बसलो गाडी घासायला. पोपटी काढायचा, खालून कुठं काळा निघतो का बघायचं. अंगणातला वॉचमन आला, 'काय चाललंय काका?' म्हटलं, 'म्हातारी करतोय तिला.' अहो, जगातले म्हातारे तरुण दिसायला धडपडतात, कलप काय, कवळी काय... आणि आम्ही दोन म्हातारे एका तरण्याताठ्या गाडीला सुरकुत्या पाडत बसलो होतो! दारावर चहाचं पाणी ओतलं, मखमलीवर माती चोळली, मेहुणा तर टपावर उभा राहून नाचला, पोचे पडावेत म्हणून. मॅडम आल्या. बघितलं. म्हणाल्या, 'आधी ही नुसती नवी होती. आता हा बनावट जुनेपणा आहे. हा गुन्हा आहे.' आणि दारावर सील! घ्या! बायकांनी तोंडाला रंग लावून वय लपवलं तर कौतुक, आम्ही गाडीचा रंग काढून वय दाखवलं तर गुन्हा!

तरी मी हरलो नाही हं! माझ्याकडं शेवटचा पत्ता होता. मला कळलं होतं की वरच्या मॅडम आणि खालचे साहेब एकमेकांशी बोलत नाहीत. कशावरून बिनसलं कुणालाच ठाऊक नाही, पण त्या जिन्यावरून खाली आल्या की हे तोंड फिरवतात. म्हटलं, वा! भांडणं लावायची कला मी पंक्चर काढता काढता शिकलोय. वर गेलो, हळूच म्हटलं, 'मॅडम, खालचे साहेब म्हणतात, ही गाडी तुमच्या अखत्यारीत येतच नाही, अधिकार सगळा त्यांचा.' खाली गेलो, 'साहेब, मॅडम म्हणतात तुम्हाला विचारतो कोण, गाडी त्यांचीच.' आणि बाकावर जाऊन बसलो मजा बघत. म्हटलं, आता दोघं गाडीसाठी भांडणार, एक जण ईर्ष्येनं तरी सही ठोकणार! आणि झालं काय? मॅडम खाली उतरल्या. साहेब उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं... आणि दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, 'तुम्हालाही हेच सांगितलं का यांनी?' साहेब म्हणाले, 'बसा ना.' चहा मागवला! इतकी वर्षं तोंड न बघणारी माणसं माझ्यामुळं एका टेबलावर बसून चहा प्यायली, साहेबांची सर्दीसुद्धा तेवढा वेळ थांबली हो! आणि एकाच कागदावर दोघांच्या सहीनं निकाल आला. गाडी जुनी नाही, नवी नाही, आत यायची नाही, बाहेर जायची नाही. गाडी तिथंच! मालकांना दर बुधवारी भेट घ्यायला हरकत नाही, सील तेवढ्यापुरतं वॉचमन काढील. भेट! तुरुंगातल्या माणसाला देतात तशी! एजंटाला विचारलं, 'आता?' तुम्हाला सांगतो, पहिल्यांदाच तो म्हणाला, 'नाही होत, काका.'

हिला कसं सांगायचं? दोन दिवस मी नळ दुरुस्त करत होतो. गळत नव्हता तो. तिसऱ्या दिवशी हीच म्हणाली, 'नाही ना येणार?' म्हटलं, 'नाही.' म्हणाली, 'भेटता तरी येतं ना? चला मग.'

गेलो बुधवारी. बसनं! स्वतःच्या मोटारीत बसायला बसनं जाणारा मी जगातला पहिला माणूस असेन. थांब्यापासून अंगणापर्यंत तिला आणता आणता मला घाम फुटला. गाडीत वॉचमनच्या मांजरीनं मागच्या सीटवर पिल्लं घातलेली, जांभळ्या मखमलीवर, त्यांना तरी कुठला देश आहे कुणास ठाऊक... वॉचमन म्हणाला, 'काका, बसा, पण चालू करायची नाही.' ही मागं बसली, पिल्लं मांडीवर घेऊन, तेव्हा ट्रंक घेतली होती तशी. मी पुढं, सासऱ्यांच्या जागी. चाक धरलं. सांगाडा सोडला तर हे चाक तेवढं मूळचं होतं हो, तेवढंच राहिलं होतं मेहुण्याच्या हातून.

मागून म्हणाली, 'चालवा ना.'

आता काय करता? मी तोंडानं इंजिन सुरू केलं. भुर्रर्र... गिअर टाकला, घर्रर्र... आणि निघालो! 'हे बघ, आलं फाटक, शिपाई सलाम करतोय... करतोय, करतोय, तू नको बघू... ही पिठाची गिरणी... हा बघ न्हावी, वस्तरा हातात घेऊन बाहेर आलाय, गिऱ्हाईक अर्धंच झालंय त्याचं... ही शाळेची भिंत, वळण आहे हं, धर नीट...' आणि तुम्हाला सांगतो, वळणावर ती कलली! खरोखर कलली! म्हणाली, 'अहो, हळू चालवा! केवढे हे धक्के!' मी म्हटलं, 'अगं, याच्यापेक्षा हळू गाडी आजवर कुणी चालवली नाही!' तर हसली. डोळे मिटूनच हसली. 'हं, आता माझं सायकलचं दुकान, मी बाहेर उभा आहे बघ, ओरडतोय, मागचं चाक फिरतंय, मागचं चाक फिरतंय... आणि हे आलं घर. दार उघडं आहे. उतर.'

डोळे उघडले तिनं. समोर जाळी. वरच्या खिडकीत मॅडम, खालच्या खिडकीत साहेब, दोघंही बघत होते. साहेबांनी नाक पुसलं. सर्दीच असेल. बारा महिने असते त्यांना.

हिनं पिल्लं सीटवर ठेवली, टपाला हात लावला, बापानं ठेवला होता तिथंच, आणि म्हणाली, 'चला. बस चुकेल.' तेव्हा डोक्यावर ट्रंक होती, आता खांद्यावर ही. आम्ही चालत बसच्या थांब्याकडं... गाडी तिथंच.

परवा भाजी खारट झाली. मी आपला ताटाकडं बघत बसलो, म्हटलं, आता येणार ते वाक्य. तिनं पदर खोचला, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाली, 'मी काय बोलणार! मी तर दोनदा अर्ध्या वाटेवर उतरलेली बाई!'

घ्या! एवढा आटापिटा करून आणली काय, तर तक्रार. आणि त्या तक्रारीला मात्र एकाही फाटकावर कुणी अडवलं नाही हो!